आग्रा रोडवरचा सिनेमा

मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना रस्ता धुळ्यातून जातो आणि धुळेकर त्याला नुसतं आग्रा रोड म्हणतात. पांझरेच्या एका काठाला आमचं देवपूर आणि एकवीरादेवीचं देऊळ. पूल ओलांडला की जुनं धुळं, बाजारपेठ. उत्तरेकडे निघालं तर नरडाणा, शिरपूर. दक्षिणेकडे लळिंग, झोडगे, मालेगाव, चांदवड आणि मग नाशिक. कापूस, कांदा, यंत्रमागाचं कापड असं काय काय या रस्त्यावरून रात्रंदिवस वाहत असतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मी निघाले ती मात्र सिनेमाच्या मागावर. पडद्यावरचा माणूस उडतो कसा, घोडे धावतात कसे, बाहुली बोलते कशी, हे दाखवायचं तर मुंबईची फिल्मसिटीच गाठली पाहिजे असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपल्या सिनेमातल्या फार नामी युक्त्या याच रस्त्याच्या आजूबाजूला निघाल्या, आणि त्या करणाऱ्यांच्या हाताशी फारसं काहीच नव्हतं. खानदेशातल्या मुलांना हे माहीत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गाडी चालवायला भाऊ, मागच्या सीटवर त्याची दोन मुलं आणि शेजारचा एक मुलगा. भाची सातवीत, भाचा दुसरीत, आणि शेजारचा मुलगा त्या दोघांच्या मधला.

आम्हाला जायचं होतं दक्षिणेला, पण उत्तरेची गोष्ट आधी सांगून टाकली, कारण शिरपूरची एसटी समोरूनच गेली. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. सिनेमात येण्याआधी स्मिताताई मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे ते दिवस अगदी नवलाईचे. बातम्या वाचायला साडी हवी, आणि स्मिताताई तर जीन्स घालून यायच्या. मग त्या जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या! टेबलाच्या खालचं कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते बघणाऱ्यासाठी नसतंच. पडद्यामागची अर्धी विद्या या एका गोष्टीत आहे. भाचा लगेच सीटवर ताठ बसून बातम्या वाचायला लागला आणि पायातले बूट काढून टाकले.

त्यांच्याच 'मंथन' या १९७६ सालच्या चित्रपटाचा हिशेब मी मुलांकडून करवून घेतला. श्याम बेनेगल यांनी काढलेल्या या चित्रपटाचे निर्माते होते गुजरातमधले पाच लाख दूध उत्पादक शेतकरी. प्रत्येकाने दोन रुपये दिले. "दहा लाख!" भाची म्हणाली. आणि चित्रपट लागला तेव्हा हेच निर्माते गावोगावहून तो बघायला आले. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन-दोन रुपयांचा सिनेमा फ्रान्सपर्यंत पोचला, हे ऐकून शेजारचा मुलगा खिशातली नाणी मोजायला लागला.

पूल ओलांडून गावात शिरलो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे इथल्या शाळांतून सगळ्यांनाच सांगतात. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं, तेही अवघ्या पाच दिवसांत. त्यावर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि देशातल्या पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. श्याम झाले होते माधव वझे, तेव्हा शाळकरी वयाचे. आई झाल्या वनमाला. तो छोटा श्याम मोठेपणी नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक झाला.

लळिंगचा किल्ला डाव्या बाजूला, उजव्या बाजूला की समोर, यावर मुलांचं भांडण चालू असतानाच एका शेताच्या बांधाला सोडलेला गाडा दिसला. बैल कडुलिंबाखाली कडबा खात होते. मला हवा होता तो हाच. भावाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

मालेगावात गावातल्याच माणसांनी सिनेमे काढले, आणि त्या सिनेमावाल्यांकडे क्रेन नव्हती. क्रेन कशाला लागते? कॅमेरा जमिनीपासून हळूहळू वर उचलत नेला, की आधी नायकाचा चेहरा, मग त्याच्या मागची गर्दी, मग सगळं गाव दिसायला लागतं. मोठ्या सिनेमात त्यासाठी लांब लोखंडी हाताचं यंत्र असतं. मालेगावकरांनी त्या कामाला बैलगाडी लावली. पण बैलगाडी कॅमेरा उचलणार कशी, हे मुलांना तोंडी सांगून पटेना.

शेतातल्या बाबांना विचारलं, "बाबा, गाडा जरा उलाळून बघू का? पोरांना क्रेन दाखवायची आहे."

"हाऊ तं आपला गाडाच शे! याले क्रेन कोन म्हनस?" बाबा हसले आणि स्वतःच पुढे झाले.

गाड्याचा आख मधोमध, दोन चाकांवर टेकलेला. पुढे लांब धुरी आणि तिच्या टोकाला जू. मागे साटी. जू जमिनीवर टेकलं होतं, म्हणजे साटीचं मागचं टोक वर. बाबांनी आणि भावाने मिळून जू वर उचललं, साटी मागे उलाळली आणि तिचं टोक खाली आलं. त्या टोकावर भाचीला माझा मोबाईल देऊन बसवलं. मग दोघांनी जू हलक्या हाताने खाली दाबत नेलं. भाची वर वर गेली. तिच्या हातातल्या मोबाईलमध्ये आधी शेजारच्या मुलाचं तोंड होतं, मग त्याच्या डोक्यावरून बांध दिसला, बांधाच्या पलीकडे कपाशी, आणि शेवटी आग्रा रोडवरचे ट्रक. शाळेत तरफ शिकवतात ती हीच. टेकू म्हणजे आख. एका बाजूला बळ, दुसऱ्या बाजूला भार. धुरी लांब असल्यामुळे बळ कमी लागतं, आणि दाब एकसारखा ठेवला तर चित्र हिसके खात नाही. पहिल्या खेपेला ते चांगलंच हिसकलं. दुसऱ्या खेपेला बाबांनी भावाला बाजूला सारलं आणि एकट्याने जू दाबलं. चित्र इतकं अलगद वर गेलं की भाची ओरडलीच. गाडा कुठे किती जड लागतो हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. मालेगावच्या सिनेमाचं खरं भांडवल असे हात हेच असणार, हे मला तिथे त्या बांधावर कळलं.

धुळ्यापासून मालेगाव पन्नासेक किलोमीटर. मोसम नदीचं हे गाव यंत्रमागांचं. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खटखट सुरू होते आणि बोलायचं तर कानाशी यावं लागतं. ओळखीने एका कारखान्यात आत जाता आलं. धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या वेगाने पळतो की डोळ्याला नुसती रेघ दिसते. इथल्या कामगारांची सुट्टी शुक्रवारी, आणि शुक्रवारचा सगळ्यात मोठा विरंगुळा सिनेमा. नासिर शेख यांचं इथे व्हिडिओ पार्लर होतं. लोकांना सिनेमे दाखवता दाखवता ते सिनेमे तोडायला-जोडायला शिकले. संपादनाची यंत्रं नव्हती, म्हणून दोन व्हीसीआर जोडून काम भागवलं. आणि २००० साली त्यांनी गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च साधारण पन्नास हजार रुपये.

आता मूळ 'शोले' आठवा. रमेश सिप्पींचा तो चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. रामगढ उभं केलं होतं कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या खडकांत. आगगाडीवरच्या दरोड्याचं शूटिंग पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर कित्येक आठवडे चाललं. बसंतीचा टांगा उधळतो त्या जिवावरच्या प्रसंगात हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या; बायकांची साहसं पुरुषच साडी नेसून करत त्या काळात या मुलीने ते काम स्वतःकडे घेतलं. भाचीला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, आणि तिने ते नाव वहीत लिहून घेतलं.

मालेगावात आगगाडी परवडणार नव्हती, म्हणून बस आली. घोडे परवडणार नव्हते, म्हणून दरोडेखोर सायकलींवर आले. लोक पोट धरून हसले, आणि हसवायचंच तर होतं. सायकल पडद्यामागेही कामाला होती. धावत्या माणसाबरोबर कॅमेरा धावायला हवा, तर मोठ्या सिनेमात रूळ अंथरून त्यावर ट्रॉली ढकलतात. इथे कॅमेरामन सायकलवर बसला आणि बाकीच्यांनी सायकल ढकलली. आम्हीही एका मोकळ्या गल्लीत करून बघितलं. सायकलीच्या चाकात हवा थोडी कमी ठेवली तर धक्के कमी बसतात, हा शोध शेजारच्या मुलाचा.

घोड्यांच्या टापा मात्र मी मुलांना गाडीतच ऐकवल्या होत्या. सिनेमात दिसणाऱ्या गोष्टीचा आवाज पुष्कळदा नंतर, बंद खोलीत, वेगळ्याच वस्तूंनी काढतात. नारळाची करवंटी मधोमध कापून दोन वाट्या फरशीवर आपटल्या की घोडा फरसबंदीवरून जातो. त्याच वाट्या माती भरलेल्या परातीत आपटल्या की रानातून जातो. पत्रा हलवला की गडगडाट. घरातून येताना करवंट्या बरोबर घेतल्या होत्या, त्या परत येईपर्यंत वाजत होत्या.

मालेगावची सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे 'मालेगाव का सुपरमॅन'. तो कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, २००८ साली. मुलांना तो मी आधीच दाखवला होता. सुपरमॅन झाले होते शफीक, मागावर काम करणारे, अंगाने काटकुळे. चड्डीची नाडी बाहेर लोंबतेय. शूटिंगच्या मधेच नायकाचं लग्न निघालं आणि कामाला खाडा पडला. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला! पुढे काही वर्षांतच शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेले. हे मी मुलांपासून लपवलं नाही. ज्या माणसाने आपल्याला इतकं हसवलं त्याचं पुढे काय झालं, हे मुलांनाही कळायला हवं. शेजारच्या मुलाने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. अख्ख्या प्रवासात तो तेवढाच वेळ गप्प होता.

उडण्याचं रहस्य मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. हिरव्या कापडापुढे नटाला आडवं झोपवून, हात पुढे करायला लावून चित्र घेतात. नंतर संगणकाला सांगतात, हिरवं तेवढं काढून टाक आणि तिथे आभाळ भर. हिरवंच का? माणसाच्या कातडीत हिरवा रंग नसतो, म्हणून चेहरा शाबूत राहतो. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या आत रंग टिपणारे जे बारीक ठिपके असतात, त्यांत लाल आणि निळ्याच्या दुप्पट हिरवे असतात. हिरवा रंग त्याला सगळ्यात नीट दिसतो. नट जर हिरवा सदरा घालून आला तर? "त्याचं पोट गायब!" भाचा म्हणाला. बरोबर. १९७८ सालच्या हॉलिवूडच्या 'सुपरमॅन'पुढे हीच अडचण होती. तेव्हा पडदा निळा वापरत आणि सुपरमॅनचे कपडेही निळे! म्हणून अशा दृश्यांसाठी त्याचे कपडे थोडे हिरवट निळे शिवले. त्याच चित्रपटात झोरान पेरिसिक यांनी आणखी एक युक्ती लढवली. मागचं आभाळ प्रोजेक्टरने पडद्यावर पाडायचं, पुढे नट टांगलेला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांनाही झूम लेन्स आणि दोघांचं झूम एकाच वेळी, एकाच प्रमाणात हलवायचं. मग मागचं आभाळ कॅमेऱ्याला होतं तेवढंच दिसतं, पण मधला माणूस मोठा होत जातो, म्हणजे आपल्याकडे उडत येतोय असं वाटतं. सुपरमॅन झालेले क्रिस्टोफर रीव्ह जागचे हललेही नव्हते.

हॉलिवूडवाल्यांकडे अमाप पैसा होता, मालेगावकरांकडे हिरवं कापड. पण दोघांनी विचार एकच केला, बघणाऱ्याच्या डोळ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला आणि नासिर, शफीक यांची गोष्ट जगभर गेली. ती त्याआधीच खानदेशातल्या शाळांतून सांगायला हवी होती.

मालेगाव सोडल्यावर ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. सौंदाणे, उमराणे, चांदवडचा घाट अशी गाडी पळत राहिली आणि भाच्याने पायातला मोजा हातात चढवून तात्या विंचू सुरू केला. १९९३ च्या 'झपाटलेला'मधली ती बाहुली शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी बनवली आणि खेळवली. अर्धवटराव हा बोलका बाहुलाही पाध्ये यांच्याच घरातला, वडील य. के. पाध्ये यांच्यापासूनचा. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. म्हणजे एका बाहुलीत दोन कलावंत, एकाचे हात आणि दुसऱ्याचा गळा. मोजा घातलेला हात भाच्याचा आणि आवाज भाचीचा, असं त्यांनी करून बघितलं. जमायला फार कठीण जातं. तोंड उघडायच्या आधी आवाज आला की लगेच खोटं वाटतं.

नाशिकला मुक्काम मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याचं दादासाहेब फाळके स्मारक गाठलं. फाळके ३० एप्रिल १८७० रोजी इथून जवळच त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये गेले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे पाठ्यपुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते मी हिरवळीवर बसून सांगितलं.

फाळके जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. मुलांना उलटं वाचायला सांगितलं. केळफा, फाळके! मग तिघांनी आपापली नावं उलटी करून घेतली.

'राजा हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामतीचं काम करायला एकही स्त्री तयार होईना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. मिशा काढायला मात्र पुरुष नट कुरकुरत, कारण वडील गेल्याशिवाय मिशा काढायच्या नाहीत अशी रीत. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम झाले आणि सीताही झाले. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं. वांगणीला बाहेरचं शूटिंग होतं तेव्हा ढाली-तलवारी घेतलेली मंडळी बघून गावाला वाटलं दरोडेखोरच आले, आणि अख्खी कंपनी पोलिसांच्या ताब्यात गेली. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखवला, त्यात फिल्म न घालताच प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली. आमच्या मालेगावच्या सायकलवाल्या दरोडेखोरांना निदान कोणी पकडलं नाही, असं शेजारच्या मुलाचं म्हणणं पडलं.

सरस्वतीबाई फाळके यांच्याबद्दल मी जरा जास्तच बोलले, आणि ते मुद्दाम. कच्ची फिल्म विनाभोकांची यायची. तिच्या कडेला ओळीने भोकं पाडावी लागत, नाहीतर ती कॅमेऱ्याच्या दात्यांवर चढत नसे. हे काम संपूर्ण अंधारात करायचं, उजेड लागला की फिल्म वाया. सरस्वतीबाई ते करत. रसायनं मिसळत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडे. आणि कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. पडद्यामागची पहिली बाई ती हीच. आणि मुलींचं म्हणाल तर १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होताना ती आधी आपल्याच रूपात हसून, रागावून, रडवेली होऊन दाखवते आणि मग कृष्णाच्या वेशात येते. या चित्रपटाची रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली, म्हणून आज ती आपल्याला बघता येते. मोबाईलवर बघताना भाचा तिच्याबरोबर तोंडं करत होता.

पण मुलांच्या डोक्यात शेवटपर्यंत राहिला तो वाटाणा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, पैसा उभा करायचा म्हणून, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून रोज थोडी थोडी चित्रं घेतली. ती सलग दाखवल्यावर दाण्याचा वेल डोळ्यांदेखत वाढला. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. ते बघून भांडवल देणारा मिळाला.

ताईच्या ओट्यावर मटकी फडक्यात बांधून ठेवलेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड डोकावले तशी मुलांनी ती एका ताटलीत ओल्या कापडावर मांडली. मोबाईल दोन डब्यांच्या मधे घट्ट बसवला. खिडकी लावून घेतली आणि दिवा चालू ठेवला, कारण उन्हाचा उजेड दिवसभर बदलतो आणि मग चित्र लुकलुकतं. दर दहा मिनिटांनी एक फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर दोन तास बसल्यावर सिनेमा होतो एक सेकंदाचा. हा हिशेब भाचीने मांडला आणि फाळक्यांनी वाटाण्यासाठी किती कळ काढली असेल ते तिघांनाही कळलं. आळीपाळीने घड्याळाकडे बघत ते संध्याकाळपर्यंत बसले.

सगळे फोटो सलग पळवून बघितले. मोड वळवळत पुढे सरकले, एक दाणा दुसऱ्याच्या अंगावर चढला, आणि मधेच एका फोटोत भाच्याचा हात आला. पडद्यावर तो विजेसारखा चमकून गेला. भाची म्हणाली, काढून टाकू. भाचा म्हणाला, मुळीच नाही, त्या सिनेमात मी आहे. तेवढ्यात ताई ताटली मागायला आली, उसळ टाकायची होती. तिघांनीही ताटलीवर हात ठेवले. पानं फुटेपर्यंत मटकी द्यायची नाही असं ठरलं, आणि शेजारचा मुलगा कुंडी शोधायला गच्चीवर पळाला.